तो रायोंगला निघाला, तुझं काय?

ताई, नमस्कार. माझं वय ३६, माहेर चिपळूण, सासर चिंचवड. एका सहकारी बँकेत ११ वर्षं नोकरी झाली. मिस्टर चाकणला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत क्वालिटीला आहेत. कंपनीचा थायलंडमध्ये रायोंगला प्लांट आहे, तिथे तीन वर्षांसाठी बोलावलंय. पगार इथल्या अडीचपट, बाथमध्ये. मुलगा आठ वर्षांचा, सासूबाई ६९ च्या, घरात अंडंसुद्धा चालत नाही. मिस्टर म्हणतात, राजीनामा दे, डिसेंबरात सगळेच जाऊ. दीर म्हणतात, तिकडे काय, भारतासारखंच आहे. मला मात्र रात्रीची झोप नाही. डाळी किती न्याव्यात इथपासून जावं की नाही इथपर्यंत सगळेच प्रश्न आहेत. तुम्ही तिकडे राहून आलात म्हणून लिहिते. अगं-तुगं केलंत तरी चालेल.
— घालमेल, चिंचवड

घालमेल,

बरं, अगं-तुगंच करते.

डाळींचं आधी उरकून टाकू. नेऊ नकोस. बँकॉकच्या पाहुरात भागात गुरुद्वाऱ्याभोवतीच्या गल्ल्यांत हिंगापासून पोह्यांपर्यंत सगळं मिळतं, आणि पट्टायात आपले पर्यटक इतके येतात की तिथेही किराणा मिळतो. रायोंगहून पट्टाया गाडीने तासाभराच्या अंतरावर. न्यायचंच तर घरचा गोडा मसाला ने, भाजणी ने आणि इंडक्शनवर चालणारा कुकर ने. तिकडच्या बऱ्याच फ्लॅटांत (‘कॉन्डो’ म्हणतात) गॅस नसतो. विजेची एखाददुसरी शेगडी असते आणि स्वयंपाकघर म्हणजे भिंतीला टेकलेला चार हात ओटा. मोहरी तडतडली की छतावरचा धुराचा भोंगा सुरू. पहिल्याच आठवड्यात मी स्टुलावर चढून त्याला टॉवेलने वारा घातलाय. वीज आपल्यासारखीच, पण आपली जाड तीन पायांची पिन तिथल्या सॉकेटमध्ये जात नाही. रवा, डाळी फ्रीजमध्ये ठेवायच्या, नाहीतर महिन्याभरात पोरकिडे. झाल्या डाळी.

आता तुझं पत्र. त्यात मिस्टर म्हणतात, दीर म्हणतात, सासूबाईंना चालत नाही, हे सगळं आहे. तुला जायचंय का, हे कुठेच नाही. आणि ‘राजीनामा’ हा शब्द तू एकदाच, घाईघाईत लिहून पुढे गेलीस. मला मात्र तिथून पुढे जाता येईना.

मिस्टरांना नोकरीसाठी ‘नॉन-इमिग्रंट बी’ व्हिसा लागेल आणि त्यावर वर्क परमिट. तुला आणि मुलाला ‘नॉन-इमिग्रंट ओ’. म्हणजे यांची बायको, यांचा मुलगा, या नात्याने तिथे राहायची परवानगी. राहायची, काम करायची नाही. तुला नोकरी करायची तर तुला स्वतंत्र कंपनी शोधावी लागेल आणि तिने तुझं वर्क परमिट काढायला हवं. एका परदेशी माणसामागे चार थाई कामगार दाखवा, इतकं भांडवल दाखवा, अशा अटी असल्यामुळे साधी कंपनी ‘चला, या’ म्हणत नाही. शिवाय सहकारी बँकेतला कर्ज विभाग तिकडे कुणाच्या कामाचा? कडू आहे, पण तिकडे पोचल्यावर कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं. ‘घरून डबे देईन, ट्यूशन घेईन’ असंही कुणी सुचवेल. बायका करतात, मला माहीत आहे. ते बेकायदा आहे, आणि पकडलं तर दंड होतो नि देशाबाहेर काढतात.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची, आणि निघताना कुणी सांगत नाही. मिस्टरांची नोकरी ज्या दिवशी संपते, त्या दिवशी त्यांची राहायची मुदत संपते. ती संपली की तुझी आणि मुलाचीही संपली. इमिग्रेशनमध्ये अर्ज करून, १,९०० बाथ भरून साधारण सात दिवस वाढवून मिळतात. सात दिवसांत घर रिकामं करायचं, डिपॉझिटसाठी मालकाच्या मागे लागायचं, शाळेचा दाखला काढायचा. आमच्या इमारतीतलं एक तमिळ कुटुंब असंच गेलं. जाताना त्यांची तुळस माझ्या दारात ठेवून गेले.

तिकडचा कामगार कायदा तसा वाईट नाही. १२० दिवस भरल्यावर मालकाने काढलं तर ३० दिवसांचा पगार द्यावा लागतो, वर्ष भरलं की ९० दिवसांचा, तीन वर्षं भरली की १८० दिवसांचा. म्हणूनच नेमणूकपत्रात प्रोबेशन बहुधा ११९ दिवसांचं असतं. तो आकडा पाहून बुचकळ्यात पडू नका. मिस्टरांना एवढंच विचारायला सांग: चाकणची नोकरी चालू ठेवून तिकडे पाठवताय, की इथला हिशेब मिटवून तिथे नवी नेमणूक? पहिलं असेल तर तीन वर्षांनी परतायला जागा आहे. दुसरं असेल तर ‘तीन वर्षांसाठी’ हे फक्त बोलण्यात आहे, कागदावर नाही.

म्हणून माझं म्हणणं: राजीनामा देऊ नकोस. बँकेचे सेवानियम काढून बघ. बिनपगारी रजा किती मिळते, कोण मंजूर करतं, ज्येष्ठतेला धक्का लागतो का, हे लेखी घे. मिस्टरांनी पुढे जावं. त्यांचे ते ११९ दिवस पार पडू देत, वर्क परमिट हातात येऊ दे, घर बघून होऊ दे. मग रजा टाकून मुलाला घेऊन जा आणि तीन महिने राहून बघ.

आणि डिसेंबरात नको. एप्रिलमध्ये जा.

डिसेंबरात तिकडे गेलेला प्रत्येक माणूस प्रेमात पडतो. ऊन कोवळं, संध्याकाळी वारा. पर्यटनाचे फोटो त्याच दिवसांतले. एप्रिल हा खरा परीक्षेचा महिना. पारा चाळिशीकडे सरकतो, रात्रीसुद्धा हवा हलत नाही. १३ ते १५ एप्रिल सोंगक्रान, त्यांचं नवं वर्ष. रस्तोरस्ती पिचकाऱ्या आणि पाण्याच्या बादल्या, तुझ्या मुलाला वेड लागेल. (‘सोंगक्रान’ म्हणजे आपलीच ‘संक्रांती’, सूर्य मेषेत जातो ती.) मे महिन्यात पाऊस सुरू होतो तो ऑक्टोबरपर्यंत. तू म्हणशील, मी चिपळूणची, मला पावसाचं काय सांगता? कबूल. पण चिपळूणला पाऊस गेला की पुढे थंडी येते, गोधडी निघते, अंग वाळतं. तिथे शरीराला तशी सुट्टी नाही. कपाटात लटकवलेल्या माझ्या पैठणीच्या काठावर दुसऱ्या वर्षी बुरशीचे करडे ठिपके आले आणि चामड्याच्या चपलांवर तर हिरवी लव उगवली. सहा महिन्यांत एसीची सफाई केली नाही तर खोलीला ओल्या पोत्याचा वास मारतो. आणि डास. डेंगी तिकडे बारमाही आहे. खिडक्यांना जाळ्या नसलेलं घर मिस्टरांनी पसंत केलं तर सरळ नाही म्हण.

घर कुठे घ्यायचं, यावर तुझे तिथले दिवस कसे जातील हे ठरणार आहे. रायोंग म्हणजे कारखान्यांचा मुलूख. त्या पूर्व किनाऱ्याच्या पट्ट्यात, चोनबुरी आणि रायोंग मिळून, जपानी, अमेरिकन गाड्यांचे कारखाने आणि त्यांना माल पुरवणारे. चाकण-तळेगावच म्हण, फक्त शेजारी समुद्र. मिस्टरांना सोयीचं म्हणून प्लांटजवळ घर घेतलंत तर सकाळी सातला ते गाडीत बसतील आणि संध्याकाळपर्यंत तू, चार भिंती आणि एसीचा आवाज. तिथे लोकल नाही, पीएमपीएमएलची बस नाही. ‘सोंगतेव’ नावाची पिकअप असते, मागे समोरासमोर दोन बाकडी. आपलं वडाप! ते ठरलेल्या रस्त्यानेच जातं. गाडी चालवता आली नाही तर तू कोंडलीस. सुदैवाने तिकडेही डाव्या बाजूने चालवतात. आत्ताच लायसन्सची धूळ झटक, आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढ आणि महिनाभर तळेगावपर्यंत एकटी चालवून ये. स्कूटरचा मोह मात्र तिथे नको. त्या महामार्गांवर दुचाकीवाल्यांचे जीव फार जातात.

सी राचा हा मधला पर्याय. (हो, तो प्रसिद्ध तिखट सॉस तिथलाच.) जपानी कुटुंबांनी भरलेलं गाव, म्हणून शाळा, दवाखाने, बागा बऱ्या आहेत. तिथून प्लांटपर्यंत रोजची ये-जा करणारे पुष्कळ. बँकॉकला राहायचं तर मिस्टर सोमवारी पहाटे जाणार आणि शुक्रवारी रात्री येणार, दीडपावणेदोनशे किलोमीटर. तसं राहायचं असेल तर तू चिंचवडलाच का नाही राहायचं, हा प्रश्न मी तरी विचारला असता.

शाळेचा खर्च हा सगळ्यात मोठा खड्डा. इंटरनॅशनल शाळांची वर्षाची फी लाखांत असते आणि तीही बाथमध्ये. एक बाथ म्हणजे अडीच रुपयांच्या वर, तेव्हा गुणाकार तूच कर. पगार अडीचपट ऐकून हुरळून जाण्याआधी कंपनीकडून चार गोष्टी कागदावर घ्या: मुलाची फी, घरभाडं, चौघांपैकी जे जातील त्यांचा आरोग्यविमा, वर्षातून एकदा घरी यायचं तिकीट. घराला दोन महिन्यांचं डिपॉझिट आणि एका महिन्याचं आगाऊ भाडं ही तिथली रीत आहे. पगारावरचा कर टप्प्याटप्प्याने ३५ टक्क्यांपर्यंत जातो, म्हणून हातात किती येणार ते विचारा. बाकी एनआरओ खातं (परदेशी राहणाऱ्यांचं इथलं), पीपीएफचं काय करायचं वगैरे मी तुला सांगणं म्हणजे गंमतच. तू बँकेत आहेस.

खाण्याबद्दल सासूबाई विचारतील. मांसाहार न करण्याला थाईत शब्द आहे ‘मंगसविरत’. मोठ्याने म्हणून बघ, ‘मांसविरती’ ऐकू येईल. जेवण म्हणजे ‘आहान’, आपला आहार. पण शब्द ओळखीचे निघाले म्हणून ताटही ओळखीचं निघेल असं नाही. ‘मंगसविरत’ म्हटल्यावर अंडं येऊ शकतं, आणि कोबीच्या भाजीतसुद्धा ‘नाम प्ला’ म्हणजे माशाचं पाणी असतं. ते मिठाच्या जागी वापरतात. कच्च्या पपईच्या कोशिंबिरीत सुकट असते. विचारलंस तर आचारी प्रामाणिकपणे सांगेल, यात मांस नाही. त्याच्या लेखी मासळीचं पाणी म्हणजे मांस नव्हेच. तुझ्या कामाचा शब्द दुसरा आहे: ‘जे’. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरात, एखाद्या ‘१७’ सारखं दिसणारं चिन्ह. तिथे मांस, मासे, अंडं, दूध काही नसतं आणि लसूण-कांदाही नसतो. आपल्या जैन जेवणाच्या जवळ जाणारं. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास नऊ दिवस जे-चा सण असतो, तेव्हा गल्लीबोळांत पिवळे झेंडे लागतात आणि तुझी चंगळ. एरवी घरचं खायचं, आणि बाहेर फळं. फळांबद्दल तक्रारीला जागा नाही.

दीर म्हणतात ना, भारतासारखंच? थोडं आहे. ‘फ्रा फिकानेत’ म्हणजे आपला विघ्नेश, गणपती. नाक्यानाक्यावर दिसेल, समोर झेंडूच्या माळा. इमारतींच्या आवारात खांबावर छोटी देवघरं असतात, तिथल्या भूमिदेवतेची. तिच्यापुढे लाल सोड्याची बाटली ठेवतात, आत स्ट्रॉ घालून. देवाला प्यायला त्रास नको. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मला एकदम घरासारखं वाटलं. आणि त्याच दिवशी बाजारात फळवाली शेजारणीला माझ्याबद्दल काहीतरी सांगताना ‘खॅक’ म्हणाली. भारतीयांना ते लोक हाच शब्द वापरतात. अर्थ, पाहुणा. म्हणताना आदर असतोच असं नाही, पण वाईटही वाटून घेऊ नये. आपण खरोखरच पाहुणे असतो, दर नव्वद दिवसांनी इमिग्रेशनला पत्ता कळवावा लागणारे पाहुणे.

त्या लोकांचा स्वभाव समजायला तुला जड जाणार नाही. त्यांच्यात ‘क्रेंग जाय’ असतं. इंग्रजीत त्यावर पानंच्या पानं लिहितात, मराठीत एक शब्द पुरतो: भीड. समोरच्याला अडचणीत टाकायचं नाही म्हणून ‘नाही’ म्हणायचं नाही. मिस्त्री ‘उद्या येतो’ म्हणाला तर तो होकार आहे की भीड, हे दोन महिन्यांत कळायला लागेल. मिस्टरांना प्लांटवर हे तुझ्याआधी कळलं पाहिजे. क्वालिटीच्या माणसाने चारचौघांत आवाज चढवला की तिकडे काम थांबतं. मुलाला सांग, कुणाच्या डोक्यावर टपली नाही, कुणाकडे पाय करून बसायचं नाही. आणि मोठ्यांनी राजघराण्यावर गमतीतही बोलायचं नाही, लिहायचं नाही. तिथल्या दंड संहितेचं ११२ वं कलम एका गुन्ह्याला तीन ते १५ वर्षं कैद सांगतं. ई-सिगारेट ओढणारं कुणी घरात असेल तर ती इथेच टाकायची, तिकडे बंदी आहे.

माझी एक चूक सांगते, ती तू करू नकोस. आम्हाला जाऊन आठ महिने झाले होते. रात्री भावाचा फोन आला, बाबांना ऍडमिट केलंय. पहाटेच्या विमानाने मी निघाले. वर्षभराची मुदत पासपोर्टवर होतीच, म्हटलं काय प्रश्न आहे? प्रश्न हा की देशाबाहेर पडण्याआधी ‘रीएंट्री परमिट’ घेतलं नाही तर ती मुदत तिथल्या तिथे रद्द होते. एका वेळचं १,००० बाथ, मुदत असेपर्यंत कितीही वेळा जायचं तर ३,८००. विमानतळावरसुद्धा त्याचा काउंटर होता, मी त्याच्यासमोरून गेले असणार. परतीची सगळी कागदपत्रं पुन्हा पहिल्यापासून. तेव्हा राहायची मुदत मिळाली की लगेच ३,८०० वालं काढून ठेव. रात्रीचे फोन सांगून येत नाहीत, आणि तुझ्या घरी ६९ वर्षांच्या सासूबाई आहेत.

त्यांच्याबद्दल मी फार लिहीत नाही, कारण तो प्रश्न तुझा एकटीचा नाही. दोन मुलगे आहेत त्यांना. औषधं कोण आणणार, रात्री सोबतीला कोण, हे दोघा भावांनी समोरासमोर बसून ठरवायचं. भारतासारखंच आहे म्हणणाऱ्या दिरांना हे विचार.

आणखी एक. मिस्टर तिकडे रुळले की गावाकडून फोन येतील, ‘आमच्या पोरालाही चिकटवा’. त्या पोरांना बजाव: ‘कॉम्प्युटरचं काम, भरपूर पगार, टूरिस्ट म्हणून या, बाकी आम्ही बघतो’ असं कुणी म्हटलं तर जायचं नाही. बँकॉकला उतरवून सीमेवरच्या मे सोतकडे नेतात, तिथून नदीपलीकडे म्यानमारमध्ये, आणि ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांवर डांबतात. २०२५ च्या मार्चमध्ये अशा शेकडो भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी मे सोतहून परत आणावं लागलं.

आता कागद, म्हणजे खरं काम. तुझ्या नॉन-ओ व्हिसाचा पाया म्हणजे लग्नाचा दाखला. पत्रिका नाही, अल्बम नाही. नोंदणीचा दाखला, त्यावर आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, मग थायलंडच्या वकिलातीचा. आणि इथेच आपल्या मराठी बायका अडकतात. डिग्रीवर माहेरचं नाव, मध्ये वडील. आधारवर सासरचं, मध्ये नवरा. पॅनवर मधलं नावच नाही. पासपोर्ट लग्नाआधी काढला असेल तर त्यावर तिसरंच काही. कागद तपासणाऱ्या बाईंना ‘मधलं नाव बदलतं’ ही आपली पद्धत समजावता समजावता मी घामाघूम झाले होते. तिला वाटत होतं, मी तिघीजणींचे कागद घेऊन आलेय. पासपोर्ट, लग्नाचा दाखला आणि मुलाच्या जन्मदाखल्यावरचं आईचं नाव, ही तीन अक्षर न् अक्षर जुळली पाहिजेत. स्पेलिंगसकट. मिस्टरांना रुजू व्हायला वेळ असेल तोवर हे करून घे. तू तीन महिनेच राहायचं ठरवलंस, किंवा जायचंच नाही असं ठरवलंस, तरी ते फुकट जाणार नाही.

लग्नाची नोंदणी झालेली नाही असं मी धरून चालते, कारण पुष्कळांची नसते. महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात होते. तीन साक्षीदार लागतात, लग्नपत्रिका लागते आणि अर्जावर लग्न लावलेल्या भटजींची सही. त्यांचा नंबर सासूबाईंकडे असेल, आजच मागून घे.